एका ग्रीक उपसर्गाची जबलपुरातील हकीकत

परभाषेतील शब्द आपल्याकडे येतो तो सहसा एकटा येत नाही. त्याच्यामागोमाग त्याचे गोत्र, त्याचे सोयरे आणि क्वचित त्याच्या देवदेवताही येतात. जीवशास्त्राच्या परिभाषेला हे विशेषच लागू पडते. या शास्त्राने आपली बहुतेक नावे ग्रीक व लॅटिन भाषांतील सामग्रीवर रचली. त्या सामग्रीत जे उपसर्ग आहेत त्यांपैकी 'अँटि' हा आज सर्वांत परिचित म्हटला पाहिजे. 'अँटिबायॉटिक' औषधांनी तो खेड्यापाड्यांत पोचविला. मराठीत आपण त्याच्या जागी 'प्रति' योजतो आणि प्रतिजैविक, प्रतिपिंड असे शब्द बनवितो. 'विरुद्ध' एवढा अर्थ सांगून कोश मोकळे होतात. परंतु या उपसर्गाचे मूळ काय आणि तो कोठकोठे जाऊन बसला, हे पाहू लागले म्हणजे आमच्या खमरियाच्या शेजारीच त्याचे एक नवलाचे प्रकरण घडलेले आढळते. तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ अर्थ पाहू. ग्रीकमधील 'अँटि' म्हणजे आरंभी केवळ 'समोर'. समोर उभा राहणारा कधी सोबती असतो, कधी प्रतिपक्षी. पुढे यांतला दुसराच अर्थ बळावला आणि 'समोर'चे 'विरुद्ध' झाले. संस्कृतात याचा सख्खा भाऊ आहे. तो म्हणजे वैदिक भाषेतील 'अन्ति', म्हणजे जवळ, समोर. 'अंतिक' हा शब्द त्यातूनच निघाला. एकाच मुळापासून निघालेल्या दोन भावांपैकी एकाने जवळीक राखली आणि दुसऱ्याने वैर पत्करले, असेच म्हणावे लागते. ग्रीकमध्ये या उपसर्गापुढे स्वर आला म्हणजे त्याचा अखेरचा इकार गळतो व 'अँट्' एवढेच उरते. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

आता जबलपुराकडे वळू. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या साली तो इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, 1828 साली, ठगांच्या बंदोबस्तामुळे पुढे नावाजलेला कॅप्टन स्लीमन याला बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही अश्मीभूत हाडे सापडली. डॉ. स्पिल्सबरी या शल्यवैद्याच्या हातून ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे गेली. त्या वेळी 'डायनोसॉर' हा शब्दच जन्मलेला नव्हता. तो रिचर्ड ओवेन याने 1842 साली प्रसिद्ध केला. 'डायनॉस' म्हणजे भयंकर आणि 'सॉरॉस' म्हणजे सरडा. आपल्या 'भीम' शब्दाचाही मूळ अर्थ भयंकर असाच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 'भीमसरट' हा प्रतिशब्द किती नेमका आहे ते कळते. स्लीमनच्या हाडांना 1877 साली लायडेकर याने 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. टायटन हे ग्रीक पुराणातील दैत्य होत. त्याच वर्षी अमेरिकेत मार्श यानेही दुसऱ्याच एका प्राण्याला 'टायटॅनोसॉरस' म्हटले. परंतु लायडेकरचा हक्क आधीचा ठरल्यामुळे त्याला आपले नाव बदलून 'अटलांटोसॉरस' करावे लागले. जबलपूरच्या हाडांपुढे अमेरिकेने माघार घेतल्याचा हा प्रसंग फारसा कोणास ठाऊक नसतो.

परंतु आमचा उपसर्ग अजून यावयाचा आहे. 1917 ते 1919 या काळात चार्ल्स मॅटले यांनी बडा शिमला व छोटा शिमला या टेकड्यांवर पद्धतशीर खोदकाम केले. स्लीमन सैनिक, स्पिल्सबरी वैद्य आणि मॅटले हेही सरकारी नोकरीतले. या भूमीतील डायनोसॉरांचा आरंभीचा इतिहास बहुतांशी अशा नोकरदार माणसांनी घडविला आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसांनी थोड्या अभिमानाने लक्षात ठेवावी. मॅटले यांनी आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही शोध केला. त्यांनी मिळविलेल्या अस्थींचा अभ्यास जर्मनीतील ट्यूबिंगेनचे पंडित फ्रीड्रिश फॉन ह्यूने यांनी त्यांच्यासमवेत केला आणि 1933 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात बडा शिमला येथील एका प्रचंड शाकाहारी प्राण्याला नाव मिळाले 'अँटार्क्टोसॉरस सेप्टेंट्रिओनॅलिस'.

हे नाव उलगडून पाहण्यासारखे आहे. 'अँट्' म्हणजे विरुद्ध, 'आर्क्टॉस' म्हणजे अस्वल, 'सॉरॉस' म्हणजे सरडा. हे अस्वल रानातले नव्हे, आकाशातले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्या तारकांत ग्रीकांना अस्वल दिसले. तो समूह उत्तरेस असल्यामुळे अस्वलाची दिशा ती उत्तर आणि अस्वलाच्या विरुद्ध ती दक्षिण. यावरून पहिल्या शब्दाचा अर्थ झाला 'दाक्षिणात्य सरट'. ह्यूने यांनी हे कुलनाम 1929 साली अर्जेंटिनातील प्राण्यासाठी योजले होते. जबलपूरचा प्राणी त्याच कुळातला वाटल्यामुळे कुलनाम तेच ठेवले आणि तो उत्तर गोलार्धात सापडला म्हणून 'सेप्टेंट्रिओनॅलिस', म्हणजे उत्तरेचा, हे विशेषण जोडले. हा दुसरा शब्द लॅटिन. त्याचे मूळ 'नांगराचे सात बैल'. रोमन शेतकऱ्यांना त्याच सात तारकांत बैल दिसले. म्हणजे एका प्राण्याच्या नावात एकच तारकासमूह दोनदा आला, एकदा अस्वल होऊन आणि एकदा बैल होऊन. आणि एकंदर अर्थ झाला 'उत्तरेकडील दाक्षिणात्य'.

येथे आपल्या परंपरेची साक्षही काढली पाहिजे. ग्रीक 'आर्क्टॉस' आणि संस्कृत 'ऋक्ष' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत असत, असे शतपथ ब्राह्मणात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे जे अस्वल ग्रीकांच्या आकाशात राहिले ते आपल्याकडेही होते. पुढे त्याच्या जागी ऋषी येऊन बसले. तेव्हा या नावातील अस्वल आपल्याला परके नाही.

'उत्तरेकडील दाक्षिणात्य' हे ऐकून वाचकांस हसू येईल. बदलीवर असलेल्या मराठी माणसाला तर त्यात आपलेच वर्णन सापडेल. परंतु यात विनोदाहून अधिक काही आहे. हा प्राणी सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. भारताची भूमी त्या काळी आशियाला जोडलेली नव्हती. ती विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती आणि सावकाश उत्तरेकडे सरकत होती. याचा अर्थ असा की, हा प्राणी जिवंत असताना जबलपूरची भूमी दक्षिण गोलार्धात होती! खंडे सरकतात हा विचार वेगेनरने 1912 साली मांडला होता खरा. पण 1933 साली बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना तो मान्य नव्हता. नाव ठेवणाऱ्यांनी 'उत्तरेचा' म्हटले ते हाडे सापडली त्या जागेकडे पाहून. प्राण्याच्या हयातीपुरते पाहिले तर त्या ग्रीक उपसर्गाने सांगितलेली दिशाच खरी होती. अर्जेंटिनातील व जबलपुरातील प्राण्यांत ह्यूने यांना जे साम्य दिसले, त्यासारख्या साम्यांचा उलगडाही या खंडांच्या जुन्या जवळिकीने होतो.

पुढे काय झाले? 1995 साली हा प्राणी अर्जेंटिनाच्या कुळातला नव्हे असे ठरले आणि भारतीय जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांच्या गौरवार्थ त्याला 'जैनोसॉरस' हे नाव मिळाले. कुलनाम बदलले तरी जातिवाचक विशेषण टिकते, असा शास्त्राचा दंडक आहे. त्यामुळे आज तो 'जैनोसॉरस सेप्टेंट्रिओनॅलिस' आहे. उपसर्ग गेला, अस्वल गेले, सात बैल मात्र राहिले. एका भारतीय संशोधकाचे नाव आले याचा आम्हांस आनंदच आहे. पण प्राण्याच्या काळाशी जुळणारा शब्द गेला आणि आपल्या काळाशी जुळणारा राहिला, हेही नोंदविले पाहिजे. 'टायटॅनोसॉरस' या नावाची गत याहून बिकट झाली. ज्या हाडांवर ते बेतले होते त्यांवरून जाती ओळखता येत नाही, या कारणाने 2003 साली ते संशयास्पद ठरविण्यात आले. हरवल्या असे समजलेल्या त्या पहिल्या शोधातील अस्थी मात्र 2012 साली कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागल्या.

यातून परिभाषेविषयी एक विचार सुचतो. जबलपूर व नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते, आणि त्याच नागपुरास राहून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या बळावर पारिभाषिक शब्दांची प्रचंड रचना केली. त्यांच्या रीतीने चालल्यास 'अँटार्क्टोसॉरस'ला 'प्रत्यृक्षसरट' म्हणता येईल. ग्रीकमध्ये स्वरापुढे 'अँटि'चा इकार गळतो, तसाच येथे 'प्रति'च्या इकाराचा यकार होतो. शब्द उच्चारास जड आहे आणि तो रूढ व्हावा असा आमचा आग्रह नाही. मात्र तो एकदा फोडून पाहिला की दिशा, तारे आणि प्राणी तिन्ही डोळ्यांपुढे उभे राहतात. नुसते इंग्रजी नाव पाठ करणाऱ्याला हा लाभ होत नाही.

बडा शिमला टेकडी तोफगाड्यांच्या कारखान्याजवळ आहे. जबलपुरास बदलून येणारा मराठी माणूस भेडाघाटचा धुवाधार आणि संगमरवरी कडे पाहिल्यावाचून राहत नाही. त्याने एक सकाळ या टेकडीसाठीही राखून ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे.