फणीची बारीक बाजू

फणी म्हणजे शृंगाराची वस्तू, अशी आपली समजूत. फणीकरंडा म्हटलं की आरसा, कुंकू, काजळच आठवतं. पण दोन्ही बाजूंना दात असलेल्या जुन्या फणीचा निम्मा भाग तरी नटण्यासाठी नव्हता, शोधण्यासाठी होता. कसून केलेल्या तपासणीला इंग्रजीत ‘बारीक दातांची फणी फिरवणं’ म्हणतात, त्याचं मूळ याच भागात आहे. इस्रायलमधल्या लाखीशच्या उत्खननात 2016 मध्ये एक हस्तिदंती फणी मिळाली. आकार जेमतेम साडेतीन बाय अडीच सेंटिमीटर. एका बाजूला 6 जाड दात, दुसऱ्या बाजूला 14 बारीक. तिच्यावर कनानी लिपीत कोरलेली 17 अक्षरं आहेत. ती इतकी पुसट की 2021 पर्यंत कुणाच्या नजरेसच पडली नव्हती! अक्षरांच्या वळणावरून फणी इ.स.पू. 1700च्या सुमाराची ठरते आणि मजकूर सरळ आहे: या हस्तिदंतानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. एका दातावर उवेच्या पिल्लाचा अवशेषही सापडला.

यावर कुणी म्हणेल, हस्तिदंत म्हणजे श्रीमंती थाट. खरं आहे, कनानमध्ये, म्हणजे लाखीशच्या त्या प्रदेशात, हत्ती नव्हते, माल बहुधा इजिप्तहून आला असावा. पण म्हणूनच तो मजकूर बोलका ठरतो. एवढ्या महागड्या वस्तूवर मालकानं रूपाची वाखाणणी कोरली नाही, उवांचा बंदोबस्त मागितला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उवा घरोघरी असत, तेव्हा कुठल्याही फणीत त्या अडकणारच. त्याचं उत्तर घडणीत मिळतं. गुंता सोडवायला जाड दात पुरतात. बारीक दात पाडणं जिकिरीचं काम. त्यासाठी लाकूड घट्ट, बारीक रेषांचं लागतं आणि दात रेषेच्या दिशेनंच कापावे लागतात, नाहीतर पटापट मोडतात. इंग्लंडमधले फणी करणारे कारागीर अंतर सारखं राहावं म्हणून दोन पात्यांची करवत वापरत: एक पातं कापत जाई, दुसरं पुढच्या दाताची खूण करी. केस नुसते चापूनचोपून बसवायला एवढी यातायात कोण करील? 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवरही अशा दुहेरी लाकडी फण्या सापडल्या, त्याही खलाशांच्या सामानात. तिथे कसला आलाय शृंगार!

सुरुवातीच्या त्या इंग्रजी वाक्प्रचारात ‘टूथ’ (दात) हा शब्द ‘कोम’ला (फणीला) जोडून लिहिला की भाषाशुद्धीवाले हसतात, दात कधी कुणी विंचरतं का म्हणून. पण एकोणिसाव्या शतकात बारीक फणीला ‘टूथकोम’च म्हणत. फण्या घरातून गेल्यावर हे हसू सुचलं असावं. त्या वाक्प्रचारात नुसतं निरखून पाहणं मात्र नाही, फणी फिरवणं आहे, आणि फरक तिथेच पडतो. जर्मनीत 304 शाळकरी मुलांच्या तपासणीत (2009) जिवंत उवा असलेल्यांपैकी ओल्या केसांत फणी फिरवून सुमारे 90 टक्के मुलं सापडली, नुसत्या नजरेनं 29 टक्केसुद्धा नाहीत. केसांना चिकटलेल्या लिखा ओळखण्यात मात्र नजरच सरस ठरली, आणि एवढं डोळ्यांच्या पदरात टाकायला हरकत नाही.