मनगट : अस्थिबंधाची इजा व अस्थिजोडणी

मनगटातील आठ लहान अस्थींची सुसंगत हालचाल अस्थिबंधांवर अवलंबून असते. रायगड किनाऱ्यावर नारळ-सुपारी उतरविताना वा होडीत घसरून तळहातावर पडल्यास नौकाकृती व अर्धचंद्राकृती अस्थींमधील अस्थिबंध तुटू शकतो. क्ष-किरणचित्रात अस्थिबंध दिसत नसल्याने पुष्कळदा ‘हात मुरगळला’ एवढेच मानले जाते. अशा अस्थैर्याचे पद्धतशीर वर्णन लिन्शाइड, डॉबिन्स व इतर अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९७२ साली केले. त्यातून होणारी सांध्याची क्रमिक झीज वॉटसन व बॅलेट यांनी १९८४ साली दाखविली. नौकाकृती अस्थी काढून शेजारच्या चार अस्थी जोडल्यास सुमारे निम्मी हालचाल टिकते. संपूर्ण अस्थिजोडणीनंतर मनगट वाकत नाही. तळहात मात्र उताणा-पालथा करता येतो. जाळे ओढणाऱ्यास वेदनारहित पकड लाभते, परंतु गमावलेली हालचाल परत येत नाही; म्हणून वेळीच निदान होणे महत्त्वाचे ठरते.