पहिला क्लब कोणता?

एखाद्या संस्थेचा शतकमहोत्सव साजरा करावयाचा ठरला म्हणजे कार्यकारी मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एक अडचण उभी राहते. संस्था जन्मली केव्हा? चार मित्र एका ओसरीवर जमू लागले तेव्हा, की त्यांनी वर्गणी काढली तेव्हा? घटना लिहिली गेली तेव्हा, की सरकारदरबारी नोंद झाली तेव्हा? मध्यंतरी दहा वर्षे दाराला कुलूप होते, ती वर्षे मोजावयाची की वगळावयाची? प्रत्येक जुन्या सभासदाजवळ एक साल असते आणि ते सिद्ध करणारी एक आठवणही असते. बहुधा त्यांतले जे साल सर्वांत मागचे असते, तेच एकमताने संमत होते.

फुटबॉलच्या जगातही हा वाद आहे, आणि तो आपल्या गावच्या वाचनालयाच्या वादाहून फारसा निराळा नाही. जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब कोणता, या प्रश्नाला निदान पाच-सहा शहरे वेगवेगळी उत्तरे देतात. गंमत अशी की, त्यांतले कोणीच उघड खोटे बोलत नाही.

बहुतेकांना ठाऊक असलेले उत्तर इंग्लंडातील शेफील्डचे. पोलादी सुऱ्याकात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात नथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोन तरुणांनी २४ ऑक्टोबर १८५७ रोजी शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन केला. १८५८ साली त्यांनी आपले नियम ठरविले आणि पुढच्या वर्षी ते छापले. खेळावयास दुसरा क्लबच नव्हता. म्हणून सभासदच आपसांत दोन पक्ष पाडीत, कधी विवाहित विरुद्ध अविवाहित असेही. १८६० साली जवळच हॅलम क्लब निघाला आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी या दोन क्लबांचा सामना झाला. शेफील्ड क्लब आजही खेळतो. २००४ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने आपल्या शताब्दीनिमित्त त्याचा सन्मान केला. नाव, तारीख, नियम, अखंड परंपरा, सारे काही येथे आहे. मग वाद उरतो कोठे?

वाद एडिंबरोत उरतो. स्कॉटलंडच्या या राजधानीत जॉन होप नावाच्या एका तरुणाने १८२४ साली, म्हणजे शेफील्डच्या तेहेतीस वर्षे आधी, एक मंडळ काढले. त्याचे नावच मुळी ‘फुटबॉल क्लब’ असे होते. होपला कागद जपून ठेवण्याची सवय होती. सभासदांच्या याद्या, वर्गणीचे आणि खर्चाचे हिशेब, १८३३ सालचे मोजके नियम, हे सारे त्याच्या दप्तरात राहिले आणि आज ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. हा क्लब १८४१ साली बंद पडला. तेव्हा ‘पहिला’ म्हणावयाचे तर मान एडिंबरोचा. ‘हयात असलेल्यांत पहिला’ म्हणावयाचे तर तो त्याच्याकडून निसटतो.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा क्लब आपले जन्मसाल १८४३ सांगतो. त्याचा आधार मोठा विलक्षण आहे. त्या साली लिहिलेला कागद पुढे केला जात नाही. चाळीस वर्षांनंतरच्या, १८८३ च्या सुमाराच्या एका छापील सामनापत्रिकेवर हंगामाचा जो अनुक्रम दिला आहे, तो मागे मोजीत गेले म्हणजे १८४३ हे साल निघते. नातवाच्या वयावरून आजोबांची जन्मतिथी काढावी, तसा हा प्रकार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील क्लबाचे साल १८५४. त्याच्या खेळाचा उल्लेख १८५५ च्या वृत्तपत्रात सापडतो आणि तो आजही रग्बी खेळतो. अखंडपणा आणि समकालीन पुरावा या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या, तर डब्लिनचे पारडे गाय्जपेक्षा जड ठरते.

मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद नव्याने सांगावयास नको. घटना घडली त्याच वेळी, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला हिशेबाचा चिठोरा एकीकडे आणि दोन पिढ्यांनंतर अभिमानाने सांगितलेली हकिगत दुसरीकडे. होपच्या वह्या पहिल्या जातीच्या आहेत. दुसऱ्या जातीचे उदाहरण पाहावयाचे तर रग्बी शाळेत जावे लागते.

तेथे १९०० साली बसविलेला एक शिलालेख सांगतो की, विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने १८२३ साली आपल्या काळच्या फुटबॉलचे नियम झुगारून चेंडू हातात घेतला, तो धावत सुटला आणि रग्बीचा खेळ जन्मला. चित्र मोठे मनोहर आहे. पण त्याचा आधार काय? मॅथ्यू ब्लॉक्सम या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने १८७६ साली शाळेच्या मासिकात ही कथा प्रथम लिहिली. ब्लॉक्सम १८२३ पूर्वीच शाळा सोडून गेला होता. म्हणजे त्याने ही घटना डोळ्यांनी पाहिली नव्हती. एलिस स्वतः १८७२ साली फ्रान्समध्ये वारला होता, तेव्हा त्याला विचारण्याचीही सोय उरली नव्हती. १८९५ साली माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने चौकशी आरंभिली. शाळकरी जीवनावरील कादंबरीमुळे प्रसिद्धी पावलेल्या टॉमस ह्यूजने कळविले की, आपण १८३४ साली शाळेत आलो तेव्हा ही आख्यायिका तेथे कोणाच्या तोंडी नव्हती. तरीही शिलालेख बसला आणि १९८७ पासून रग्बीच्या विश्वचषकालाही एलिसचेच नाव मिळाले.

चौकशीचे साल ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडातील क्लब रग्बीच्या मूळ संघटनेतून फुटून निघाले. त्यांचे पुष्कळसे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे होते. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना मिळावी, एवढीच मागणी होती, आणि ती नाकारली गेली. खेळ कोणाचा, हा प्रश्न असा तीव्र झालेला असताना त्याचा जन्म एका प्रतिष्ठित शाळेच्या अंगणात, एका नामांकित मुलाच्या हातून झाला असे सांगणारी कथा शाळेच्या अभिमान्यांना किती सोयीची वाटली असेल, हे सांगणे नको.

आता या वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट पाहू. आपण आज फुटबॉल आणि रग्बी हे दोन स्वतंत्र खेळ समजतो. एडिंबरोच्या किंवा डब्लिनच्या पहिल्या खेळाडूंना हा भेद आजच्यासारखा ठाऊकच नव्हता. फुटबॉल हे एका मोठ्या कुळाचे आडनाव होते. रग्बी शाळेने आपले नियम १८४५ साली लिहिले. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली निराळे लिहिले. शेफील्डचे आणखी तिसरेच. शेफील्डच्या त्या पहिल्या नियमांनुसार चेंडू हवेतून आला तर हाताने झेलण्यास मुभा होती.

वाटण्या झाल्या त्या १८६३ साली. २६ ऑक्टोबर रोजी लंडनमधील एका खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या बैठकांत दोन मुद्द्यांवर बिनसले: चेंडू हातात घेऊन धावता यावे काय, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारता यावी काय? ब्लॅकहीथ क्लबाच्या मते लाथ काढून टाकणे म्हणजे खेळातला पुरुषार्थच काढून टाकणे. बहुमत विरुद्ध पडताच ब्लॅकहीथ बाहेर पडला. १८७१ साली रग्बी युनियन निघाली आणि भाऊबंदकी कायमची झाली. म्हणजे १८५७ चा शेफील्ड ‘असोसिएशन’चा आणि १८५४ चा डब्लिन ‘रग्बी’चा, हे आपण मागाहून लावलेले शिक्के आहेत. विभक्त झालेल्या दोन घरांनी एकाच पणजोबांवर हक्क सांगावा, तसा हा वाद.

कुळाची तिसरी शाखा ऑस्ट्रेलियात. रग्बी शाळेत शिकून मायदेशी परतलेला क्रिकेटपटू टॉम विल्स याने १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जडावू नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. त्या हिवाळ्यात सामने झाले. लेखी नियम मात्र १७ मे १८५९ रोजी ठरले. मेलबर्न क्लब आपले जन्मसाल १८५८ मानतो. नियमांवर बोट ठेवणारे १८५९ म्हणतात.

तेथील खरा जिव्हाळ्याचा वाद एका वर्षाचा नाही. विल्सचे बालपण व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांत गेले आणि त्यांची भाषा तो बोलत असे. त्या लोकांत चेंडू उंच लाथाडून उडी मारून झेलण्याचा खेळ होता. त्याला ‘मार्नग्रूक’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील उंच झेपेशी त्याचे साम्य पाहणाऱ्याच्या नजरेत भरते. विल्सने तो खेळ पाहून नवे नियम घडविले काय? तसे सांगणारा कागद नाही. काही इतिहासकार म्हणतात, कागद नाही म्हणजे संबंध नाही. त्या लोकांचे वंशज विचारतात, ज्यांच्या भूमीसकट सर्व काही हिरावले गेले, त्यांच्याजवळ कागद कोठून असणार? येथे इतिहासकाराने जपून बोलावे. पुरावा नसताना होय म्हणणे चूक आहे. पण पुराव्याचा अभाव हा नसल्याचा पुरावा समजणे, हीही चूकच आहे.

हेच इंग्लंडातील गावकऱ्यांविषयी म्हणता येईल. क्लब निघण्याच्या शेकडो वर्षे आधी खेडीच्या खेडी एका चेंडूमागे धावत असत. १८३५ च्या रस्तेविषयक कायद्याने हमरस्त्यावर फुटबॉल खेळण्यास बंदी केली. डर्बीशायरमधील ॲशबर्न येथे मात्र दरवर्षी दोन दिवस तो गावखेळ आजही चालतो. त्या गावकऱ्यांनी इतिवृत्त लिहिले नाही, म्हणून ‘पहिला’ या शब्दावर त्यांचा हक्क कोणी मानीत नाही.

पुढच्या पिढीच्या क्लबांतही वयाचा मोह सुटला नाही. नॉट्स कौंटीचा खेळ १८६२ साली सुरू झाला, पण रीतसर स्थापना १८६४ ची. स्टोक सिटी १८६३ साल मिरविते; संशोधकांना समकालीन उल्लेख सापडतो तो १८६८ चा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आजचा क्लब १९०५ साली निघाला. त्याच नावाचा १८६१ चा एक क्लब १८७० नंतरच्या दशकात लोपला होता. तरी २०२० साली आजच्या क्लबाने त्या पूर्वजाचे साल आपले म्हणून जाहीर केले. दत्तकविधान वैध की अवैध, यावर अद्याप एकमत नाही.

आपल्या देशाचाही या कथेत एक अध्याय आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्या रहिवाशांनी रग्बीचा सामना खेळला आणि लवकरच कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. थोड्याच वर्षांत सभासद पांगले आणि १८७८ साली क्लब मोडला. शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून एक चषक घडविला आणि तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी झुंजत आले आहेत. इकडे तेच नाव पुढे गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये गाजले आणि १९६५ साली तो क्लब १७९२ च्या कलकत्ता क्रिकेट क्लबात विलीन झाला. आता या संस्थेचे वय कोठून मोजावे? १७९२, १८७२ की १९६५? तिन्ही उत्तरांना आधार आहे.

म्हणून ‘सर्वांत जुना क्लब कोणता?’ असे कोणी विचारले, तर आपण उलट विचारावे: सर्वांत जुना कोण? ज्याचे नाव कागदावर आहे असा? मग एडिंबरो. न थांबता खेळत आलेला आणि समकालीन पुरावा असलेला? मग डब्लिन. असोसिएशन फुटबॉलच्या घरातला वडील? मग शेफील्ड. प्रश्न नेमका केला की, निम्मे भांडण आपोआप मिटते.

उरलेले निम्मे कागदाने मिटत नाही. कारण तेथे अभिमान असतो आणि कधी गरजही असते. २०११ साली शेफील्ड क्लबाने आपल्या जुन्या नियमांचे हस्तलिखित आणि दप्तर लिलावात विकले. आठ लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम आली, आणि नव्या मैदानासाठी क्लबाला पैसा हवा होता. ज्या कागदांवर त्याचे वडीलपण उभे, तेच त्याने पुढच्या खेळाडूंना जागा मिळावी म्हणून हातावेगळे केले. महोत्सवाचे साल ठरविण्यासाठी तासन्‌तास भांडणाऱ्या आपल्या कार्यकारी मंडळांना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.