नाणेघाटातील अक्षरे आणि ज्ञानाची मर्यादा

जैन तत्त्वज्ञानात ज्ञानाचे पाच प्रकार सांगितले आहेत : मती, श्रुत, अवधी, मनःपर्यय आणि केवल. त्यांपैकी केवलज्ञान तेवढे संपूर्ण. ते प्राप्त होईपर्यंत जीव छद्मस्थच मानला जातो. चार ज्ञानांचे धनी गणधर गौतमस्वामीही त्यास अपवाद नव्हते. उपासकदशांग सूत्रातील कथेनुसार, आनंद श्रावकास झालेल्या अवधिज्ञानाच्या व्याप्तीविषयी त्यांनी शंका घेतली. श्रावकाचे म्हणणे सत्य असल्याचे भगवान महावीरांनी सांगताच गौतमस्वामी परत गेले आणि त्यांनी एका गृहस्थाची क्षमा मागितली.

या तत्त्वाची साक्ष जुन्नरचा इतिहासही देतो. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आहे. व्यापाऱ्यांची ये-जा शतकानुशतके चालू राहिली. परंतु ती अक्षरे वाचणारा कोणी उरला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखातील यज्ञदक्षिणेच्या आकड्यांवरून प्राचीन अंकचिन्हांचा अभ्यास केला. त्या अंकांत दहा, शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. लेखाचा बराच भाग आज झिजला आहे. यज्ञ करणाऱ्या राणीचे नावही त्यात उरलेले नाही. तेथील भग्न पुतळ्यांवरील नावांवरून ती नागनिका असावी, असे अभ्यासक म्हणतात.

याच जिल्ह्यात, मावळातील पाले येथील लेण्यात, अर्हंतांच्या वंदनाने आरंभ होणारा ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो जैन मानला. समाजास त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 'अर्हत्' हा शब्द बौद्ध परंपरेतही पूज्य असल्याने काही अभ्यासकांस हे मत मान्य नाही. स्याद्वादाची कसोटी अशाच ठिकाणी लागते. परक्याच्या मतास 'स्यात्' लावणे सोपे, स्वतःच्या अभिमानास लावणे कठीण. विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे हे सांगण्याची ही शिस्त आहे. तिच्यामुळे श्रद्धेस बाध येत नाही आणि संशोधनाचे दारही उघडे राहते.

ब्राह्मीची जी गत झाली, तीच मोडीची होऊ घातली आहे. जुन्नर-आंबेगाव परिसरात ज्यांच्या घरी मोडीतील जुन्या वह्या किंवा हस्तलिखित पोथ्या असतील, त्यांनी वाचता येत नाहीत म्हणून त्या रद्दीत घालू नयेत. ज्ञानपंचमीस त्यांची पूजा करावी, आणि त्या वाचू शकणाऱ्या जाणकारापुढे अवश्य ठेवाव्यात.