माणदेशी पुस्तके आणि वाचकांचा कौल

सातारा-पंढरपूर रस्त्यावर, माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे माण तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघणारा सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ, मेंढपाळांचे तांडे आणि पाठोपाठ येणारी दुष्काळाची वर्षे, एवढीच या गावाची ओळख शहरी वाचकाला असते. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्याने मराठी पुस्तकांना जितकी माणसे पुरविली, तितकी पाऊसपाण्याने समृद्ध असलेल्या प्रदेशांनीही क्वचितच पुरविली असतील. माण, आटपाडी आणि त्यांच्या आसपासचा मुलूख मिळून माणदेश होतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष या मुलखाने दिले. ग. दि. माडगूळकर (यवतमाळ, १९७३), व्यंकटेश माडगूळकर (अंबाजोगाई, १९८३) आणि लगेच पुढच्या वर्षी शंकरराव खरात (जळगाव, १९८४). तिघेही आटपाडी परिसरातले.

या मुलखाविषयीच्या पुस्तकांवर वाचकांनी दिलेला कौल मात्र एकसारखा नाही. ललित म्हणून छापलेले पुस्तक येथे पुष्कळदा साक्षीपुरावा म्हणून वाचले जाते आणि आत्मचरित्र म्हणून छापलेल्या पुस्तकाकडे शहरातला वाचक कधी कधी कादंबरीसारखा पाहतो. या पुस्तकांपैकी काहींचा परिचय आणि त्यांविषयीच्या मतमतांतरांचा हा आढावा.

माणदेशी माणसं (१९४९)

व्यंकटेश माडगूळकरांचा जन्म १९२७ साली माडगूळे येथे झाला. ‘मौज’ साप्ताहिकातून आलेली त्यांची व्यक्तिचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाचे वय अवघे बावीस होते. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस, नामा मास्तर ही माणसे त्यानंतर मराठी वाचकांच्या कायमच्या ओळखीची झाली. लहान वाक्ये, आटोपशीर वर्णन आणि डोळ्यांत पाणी आणण्याचा आग्रह न धरणारा शेवट या गुणांवर शहरी वाचकाने हे पुस्तक उचलून धरले. त्यापूर्वीच्या कथा-कादंबऱ्यांतील खेडे बरेचसे गोडगुलाबी होते. येथे प्रथमच उपाशी, हट्टी, लबाड आणि तरीही जवळची वाटणारी माणसे दिसली.

माणदेशातील वाचकाचा प्रश्न वेगळा असतो. ज्याच्याविषयी लिहिले तो कोणाचा कोण, त्याच्या घरी आता कोण आहे, ही विचारणा तो आधी करतो. व्यक्तिचित्र हा प्रकारच असा आहे, की त्यात खरा माणूस आणि रचलेला माणूस यांची सीमारेषा पुसट असते. नाव, जात, धंदा आणि दारिद्र्य यांसह एखाद्याला छापून आणताना त्याची संमती कोणी विचारली होती काय, हा आक्षेप केवळ नैतिक नाही. पुस्तकातील अनेकांना अक्षरओळख असण्याची शक्यता नव्हती. स्वतःविषयीचे लिखाण त्यांना वाचता आले नसते. उलट बाजूचे उत्तरही तितकेच वजनदार आहे. हे पुस्तक नसते तर त्या माणसांची नोंद खतावणीतील थकबाकी किंवा पोलीस पाटलाच्या दप्तरातील नाव एवढीच राहिली असती.

बनगरवाडी (१९५५)

औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेल्या राजाराम सौंदणीकर या तरुणाची ही कथा. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू यांच्या संगतीत मास्तर वाडीचा होतो, तालीम बांधून घेतो, संस्थानचे राजे तिच्या उद्घाटनाला येतात. आणि नंतर दुष्काळ वाडी मोकळी करून टाकतो. १९५८ साली राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने निघाला. १९९५ साली अमोल पालेकर यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या कादंबरीला कथानक नाही, अशी तक्रार होत आली आहे. तक्रार खरी आहे, पण ती दोष दाखविते असे नाही. पाऊस, लोकर, मेंढरांचे रोग आणि चाऱ्यासाठीची वणवण यांच्या तालावर चालणाऱ्या वाडीत नायकाच्या इच्छेने घडणारे कथानक कोठून येणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाडी दिसते ती मास्तरच्या डोळ्यांनी. तो प्रेमळ आहे, पण बाहेरचा आहे. त्याला बदली घेऊन निघून जाता येते. धनगराच्या घरातील मुलाने हीच वाडी लिहिली असती तर ती कशी दिसली असती, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित राहिला. कादंबरीतील राजा मात्र हवेतला नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला कारभाराचे अधिकार देणारी राज्यघटना लागू केली आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त कैद्यांची वसाहत सुरू झाली. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट याच वसाहतीवरून सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. राजा वाडीत येतो हा प्रसंग कोणाला भाबडा वाटत असेल, तर त्याने हा इतिहास लक्षात घ्यावा.

वावटळ (१९६४)

गांधीहत्येनंतर १९४८ साली दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या दिवसांवरची ही लहानशी कादंबरी. माडगूळकरांच्या पुस्तकांपैकी हिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे आजही अवघड जाते. जळीत झालेल्या कुटुंबांतील वाचकाला ती आपली कैफियत वाटते. गावकीतील इतरांना त्या रागामागची जुनी कारणे पुरेशी आलेली नाहीत असे वाटू शकते. लेखकाने सूडाची भाषा टाळली आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते.

तराळ-अंतराळ (१९८१)

शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ साली आटपाडीला झाला. वकिली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील काम आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद असा त्यांचा प्रवास. ‘बारा बलुतेदार’ हा त्यांचा संग्रह १९५९ सालचा. ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र बावीस वर्षांनी आले. तराळ म्हणजे गावकीचा सांगावा पोचविणारा, सरकारी माणसामागे धावणारा, गावाने वाटेल त्या कामाला जुंपलेला महार. विहिरीतील प्रेतासाठी वडिलांना जीव धोक्यात घालून राबावे लागते आणि काठावर उभा असलेला मुलगा ते पाहतो, हा प्रसंग एकदा वाचलेला विसरत नाही.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांच्या पाठोपाठ हे पुस्तक आल्याने त्याची तुलना त्यांच्याशी झाली. त्या तुलनेत खरातांची भाषा साधी, काहीशी अहवालवजा आणि राग आवरून धरणारी वाटते. काहींना ही उणीव वाटली. परंतु वकिलाने साक्ष नोंदवावी तशी तारखा, जागा आणि माणसे यांसह मांडलेली ही हकीगत नाकारणे कठीण असते, आणि तेच तिचे बळ आहे.

माडगूळे आणि आटपाडी ही एकाच परिसरातील गावे, दोन्ही लेखकांच्या वयात सहा वर्षांचे अंतर, दोघांच्या डोक्यावर तेच संस्थान आणि तोच दुष्काळ. तरीही ‘माणदेशी माणसं’मधील गाव आणि ‘तराळ-अंतराळ’मधील गाव एकमेकांना ओळखतील की नाही अशी शंका येते. एकात गरिबी सर्वांना थोड्याफार फरकाने भेटते. दुसऱ्यात गरिबीच्या आधी जात भेटते. एकात विहीर हा पाण्याचा साठा आहे, दुसऱ्यात ती शिवू न देण्याची जागा आहे. यांतील कोणते पुस्तक खरे, असा प्रश्न विचारणारा वाचक चुकीच्या जागी कौल मागतो. दोन्ही खरी आहेत. अपुरे आहे ते एकच वाचून थांबणे.

फेसाटी (२०१७)

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांच्या या कादंबरीला २०१८ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. मेंढरे, मजुरी, कोरडे रान आणि यांतून शिकू पाहणारा मुलगा हा तिचा विषय. ‘बनगरवाडी’ने उभा केलेला प्रश्न बासष्ट वर्षांनी येथे उलट बाजूने पुढे येतो. यावेळी लिहिणारा मास्तर नाही, विद्यार्थी आहे. बोलीचा दाट वापर पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळवितो. पण जत, आटपाडी, म्हसवडकडील वाचकाला तीच बोली पुस्तकाच्या खरेपणाची खूण वाटते. रचनेत काटछाट हवी होती, हा आक्षेप मात्र दोघांनाही मान्य व्हावा.

राऊ (१९७२)

माणला लागूनच असलेल्या खटाव तालुक्यातील गोरेगावचे ना. सं. इनामदार यांची ही ऐतिहासिक कादंबरी. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या हिंदी चित्रपटामुळे ती नव्या पिढीपर्यंत गेली. येथे वाचकांचा वाद नेहमीचाच आहे. इतिहास किती आणि कल्पना किती. व्यक्तिचित्रात रामोशाला असे संरक्षण नसते, पेशव्याला मात्र त्याच्या नावाने भांडणारे वाचक मिळतात, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

गोंदवलेकर महाराजांची प्रवचने

माण तालुक्यातीलच गोंदवले येथील ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ साली देह ठेवला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रवचनांच्या पुस्तकात वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पान आहे. हे पुस्तक आवडले की नाही, असे त्याच्या वाचकाला विचारण्यात अर्थ नसतो. तो ते संपवीत नाही. एक जानेवारीला पुन्हा पहिल्या पानावर येतो. उपयोग हीच येथे कसोटी. प्रा. के. वि. बेलसरे यांनी लिहिलेल्या चरित्रात मात्र श्रद्धा नसलेल्या वाचकालाही घेण्यासारखे आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात महाराजांनी शेतात कामे काढून लोकांच्या भाकरीची सोय केल्याची हकीगत त्यात येते. म्हसवडजवळील राजेवाडीचा तलाव हाही त्याच दुष्काळातील सरकारी कामांचे फळ. त्याची माहिती हवी असल्यास १८८५ सालचे सातारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर पाहावे लागते. एकाच दुष्काळाची एक नोंद भक्ताने ठेवली, दुसरी कारकुनाने. भक्ताला माणसे दिसली, कारकुनाला आकडे. वाचकाला दोन्ही लागतात.

वाचक कोणाला म्हणावे?

या आढाव्यात एक मोठा वर्ग राहून जातो. म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्यांनी अक्षरे गिरविली आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी ठेवून त्या पुन्हा गेल्या. पुढे २००८ साली याच गावात ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. ज्या मुलखाविषयी इतकी पुस्तके निघाली, त्या मुलखातील बायकांना स्वतःविषयीचे पुस्तक वाचता येणे ही गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरीसही गृहीत धरता येत नव्हती. वर नोंदविलेल्या पुस्तकांच्या लेखकांत एकही स्त्री नाही, हा योगायोग नव्हे.

सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले. थंड हवेच्या वाटेवरील त्या गावात पर्यटक पुस्तके चाळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या बाजूला, पुस्तकांचे गाव असे नाव न मिळालेली, तरीही पुस्तकांनी भरलेली गावे आहेत. तेथील वाचकाचे मत शहरातील परीक्षणात क्वचित उमटते. तो शैलीविषयी फारसे बोलत नाही. पाऊस नेमका कोणत्या नक्षत्रात गेला, मेंढरे कोणत्या वाटेने कोकणाकडे उतरली, पाणवठा कोणाला खुला होता, हे तो तपासून पाहतो आणि मग पुस्तक मान्य किंवा अमान्य करतो.

शहरी वाचकाने माणदेशाची पुस्तके हाती घेताना ही कसोटी उसनी घेण्यास हरकत नाही. त्यासाठी ‘बनगरवाडी’नंतर ‘फेसाटी’ आणि ‘माणदेशी माणसं’नंतर ‘तराळ-अंतराळ’ असा वाचनाचा क्रम लावता येईल. चारही पुस्तके मोठी नाहीत. वाचून झाल्यावर दुष्काळाची बातमी पुन्हा वर्तमानपत्रात येईल, तेव्हा टँकरच्या रांगेतील माणसांना नावे असतात, हे आठवेल.