शिंकान्सेन, तोकाइदो
टोकिओ व ओसाका यांना जोडणारा जपानचा अतिवेगवान प्रवासी लोहमार्ग. लांबी ५१५·४ किमी. जगातील अशा प्रकारचा हा पहिला मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, वाहतुकीस खुला झाला.

जुना तोकाइदो मार्ग १,०६७ मिमी. मापी व वळणावळणाचा होता आणि १९५० नंतरच्या दशकात त्यावरील वाहतूक त्याच्या क्षमतेबाहेर जाऊ लागली. त्याच्याच शेजारी आणखी दोन रूळमार्ग टाकावेत, असे अनेकांचे मत होते. तथापि जपान राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो व मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी १,४३५ मिमी. मापाच्या, फाटकविरहित व स्वतंत्र मार्गाचा आग्रह धरला. वळणांची किमान त्रिज्या २,५०० मी. ठरविण्यात आली. १९४० मध्ये मंजूर झालेल्या व युद्धामुळे बारगळलेल्या योजनेतील जमीन आणि अर्धवट खणलेला शिन-तान्ना बोगदा या वेळी उपयोगी पडला.

खरा प्रश्न स्थानकांचा होता. प्रत्येक गाव जोडावे, तर वेग उरत नाही; गावे टाळावीत, तर रोष ओढवतो. अखेर १२च स्थानके ठेवण्यात आली. सरळ मार्ग साधण्यासाठी योकोहामाचे स्थानक शहराबाहेर शेतजमिनीत गेले. ओसाकाचे योदो नदीच्या उत्तरेस बांधले, त्यामुळे पुढे पश्चिमेकडील विस्तारासाठी नदी पुन्हा ओलांडावी लागली नाही. नागोयाच्या पुढे सुझुका पर्वतातून जाणारा जवळचा मार्ग लांब बोगद्यांच्या अवघड कामामुळे सोडून सेकिगाहाराची खिंड पतकरण्यात आली. तेथील हिमवर्षावाने गाड्यांचा खोळंबा होऊ लागला व रुळांवर पाण्याचे फवारे बसवावे लागले. गिफू-हाशिमा स्थानक राजकीय दडपणातून झाले, असा प्रवाद आहे. राजकारणी बान्बोकू ओनो यांचा पुतळा स्थानकासमोर उभा असल्याने तो अद्याप टिकून आहे. मात्र हिमवर्षावात गाड्या थोपविण्यासाठी तेथे स्थानकाची गरज होतीच.

खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. सोगो व शिमा १९६३ मध्ये पदावरून दूर झाले. उद्‌घाटनप्रसंगी दोघेही व्यासपीठावर नव्हते. जागतिक बँकेने या प्रकल्पास ८ कोटी डॉलर कर्ज दिले होते. ताशी २१० किमी. कमाल वेगाच्या ‘हिकारी’ गाड्या आरंभी वाटेत केवळ नागोया व क्योटो येथे थांबत आणि चार तासांत ओसाका गाठीत. ‘कोदामा’ गाड्या सर्व स्थानके घेत. वेगवान व थांबत जाणाऱ्या गाड्यांची ही विभागणी नसती, तर लहान शहरांचा विरोध शमणे कठीण होते. पुढे मिशिमा (१९६९), शिनागावा (२००३) इ. स्थानकांची भर पडून त्यांची संख्या १७ झाली.

याच तंत्रावर आधारलेल्या, २०१७ मध्ये पायाभरणी झालेल्या मुंबई–अहमदाबाद मार्गावरही (५०८ किमी.) १२ स्थानके योजिली असून त्यांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर ही महाराष्ट्रात आहेत.