अलंकार (काव्यातील)

अलंकार : शब्दांच्या किंवा अर्थाच्या विशिष्ट मांडणीमुळे काव्याला येणारे सौंदर्य आणि ते साधणारी रचना. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. भामह, दंडी, मम्मट आदींनी ही यादी वाढवत नेली आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात (१६ वे शतक) ती शंभरापलीकडे गेली. नावांच्या या गर्दीने दबून जाण्याचे कारण नाही, कारण तिच्या मुळाशी असलेल्या क्रिया मोजक्याच आहेत.

शब्दालंकार आणि अर्थालंकार ओळखण्याची मम्मटाच्या काव्यप्रकाशातील (११ वे शतक) कसोटी आजही उपयोगी पडते. शब्द काढून त्या जागी समानार्थी शब्द घालावा. सौंदर्य नाहीसे झाले तर तो शब्दालंकार, टिकले तर अर्थालंकार. ‘काळ्या कातळावर कोसळणारे’ यात ‘कातळ’ जाऊन ‘खडक’ आला की अर्थ तोच राहतो, पण ‘क’ची पुनरावृत्ती, म्हणजे अनुप्रास, मोडतो.

संस्कृतात यमक म्हणजे त्याच अक्षरसमूहाची वेगळ्या अर्थाने पुनरावृत्ती; मराठीत बहुधा चरणान्तीचा जुळणारा उच्चार. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड व मोकळा असतो. पंडित कवींनी यमकाचा ध्यासच घेतला. वामन पंडितांना तर ‘यमक्या वामन’ असे नाव पडले. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण रचले. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरे वर्ज्य आहेत, म्हणजे नायकाचे ‘राम’ हे नावसुद्धा उच्चारता येत नाही. अशा रचनेला नुसती कसरत म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. भाषा किती वाकते हे तिनेच दाखवून दिले.

अर्थालंकारांत उपमेचे कुळ सर्वांत मोठे. ‘वेचणीला आलेले कपाशीचे रान चांदण्यासारखे पांढरे’ या वाक्यात रान हे उपमेय, चांदणे हे उपमान, पांढरेपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द. ‘रानात जणू चांदणेच उतरले’ म्हटले की उत्प्रेक्षा झाली. ‘कपाशीचे चांदणे’ हे रूपक, कारण दोन वस्तूंतील अंतर मिटले. ‘ही कपाशी नव्हे, चांदणे आहे’ ही अपन्हुती. ‘या रानापुढे चांदणे फिके’ हा व्यतिरेक. रानालाच चांदणे समजून चकोर झेपावला तर भ्रांतिमान. ‘बाया चांदणे वेचत आहेत’ यात कपाशीचे नावच उरत नाही. उपमानाने उपमेय गिळले, ही शास्त्रातील अतिशयोक्ती. शाळेत शिकवली जाते ती वस्तू फुगवून सांगणारी अतिशयोक्ती, हा तिचा दुसरा, सोपा अर्थ. रान तेच, चांदणेही तेच. कवी त्या दोहोंत किती अंतर ठेवतो यावर अलंकार ठरतो. पाठांतर करण्यापेक्षा विद्यार्थ्याने हे अंतर पाहायला शिकावे.

ज्ञानेश्वरीचे (१२९०) सामर्थ्य दृष्टान्तांत आहे. एकच तत्त्व पटवण्यासाठी ज्ञानदेव दाखल्यामागून दाखला देत जातात आणि प्रत्येक दाखला त्या तत्त्वाची नवी बाजू दाखवतो. एकनाथांच्या भारुडांत रूपक सबंध रचनाभर चालते. ‘विंचू’ या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. ऐकणाऱ्याला आधी विंचवाची आग कळते, मग अध्यात्म.

चेतनागुणोक्ती, म्हणजे निर्जीवावर सजीवाच्या गुणांचा आरोप, ही बालकवींच्या (१८९०–१९१८) निसर्गकवितेची प्रकृतीच आहे. स्वभावोक्तीत वस्तूचे जसेच्या तसे, पण नेमके वर्णन असते. तिला अलंकार मानावे का, हा जुना वाद आहे. दंडीने तिला मान दिला. कुंतकाने, वस्तूचा स्वभाव हाच जर सजवायचा विषय असेल तर तोच दागिना कसा ठरेल, असा आक्षेप घेतला. आक्षेप तर्कशुद्ध आहे, तरी चांगल्या वर्णनात कवीची निवड असतेच, म्हणून दंडीचे मत अधिक पटते.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’पासून (१९४७) ‘प्रतिमा’ ही संज्ञा मराठी समीक्षेत ठळक झाली. यंत्रे आणि शहर यांतून आलेली उपमाने तिथे साधारण धर्म न सांगताच शेजारी ठेवलेली असतात, त्यामुळे उपमेचे चारही घटक शोधण्याची पद्धत अपुरी पडते आणि सांधा वाचकालाच जुळवावा लागतो.